‘तळी’च्या नोंदी : भंडारा, सूड आणि लाल रंगाचा हिशेब

५ ऑक्टोबर २०२४

‘तळी’ हा साधारण सोळा मिनिटांचा लघुपट आहे. नाव खंडोबाच्या विधीवरून घेतले आहे : ताम्हनात भंडारा, नारळ ठेवून ते सर्वांनी मिळून उचलायचे, त्याला तळी म्हणतात. मुरळी म्हणून देवाला सोडलेल्या एका बाईचा दोन भावांनी खून केला, आणि तिची मुलगी रखमा अनेक वर्षांनी त्यांच्याच वाड्यात जागरणाच्या रात्री त्याचा सूड उगवते, एवढीच गोष्ट आहे. मांडणी मात्र मल्हारी माहात्म्य या खंडोबाच्या पोथीतल्या मणि-मल्ल या दैत्यबंधूंच्या वधाची आहे. मणीने मरताना पश्चात्तापाने आपला पांढरा घोडा खंडोबाला दिला आणि प्रत्येक देवळात स्थान मागून घेतले. मल्लाने जगाचा संहार मागितला, म्हणून त्याचा शिरच्छेद झाला आणि त्याचे मस्तक देवळाच्या पायऱ्यांशी भक्तांच्या पायांखाली आले. आमच्या पटकथेतही एक भाऊ मरतो आणि दुसऱ्याला क्षमा मिळते. कामापुरती त्यांची नावे मल्ल आणि मणी अशीच ठेवली आहेत.

सूडपटात धार्मिक चिन्हे वापरण्याची सोपी रीत म्हणजे मागे मूर्ती, पुढे रक्त आणि वर घंटानाद. असे चिन्ह काढून टाकले तरी कथेचे काही बिघडत नाही, म्हणून ती सजावट ठरते. आम्ही स्वतःला एकच अट घालून घेतली आहे : चित्रपटात रक्त दिसणार नाही, जे लाल होईल ते भंडाऱ्यातूनच, म्हणजे खंडोबाला वाहायच्या हळदीच्या पुडीतूनच होईल. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते, आणि हळद व चुना यांपासून कुंकू करण्याची पद्धतही जुनीच आहे. तेव्हा पिवळ्या भंडाऱ्याने माखलेले अंग कॅमेऱ्यासमोर, एकाच दृश्यखंडात, कापाकापी न करता लाल झाले पाहिजे. या नोंदी मुख्यतः त्या एका परिणामाच्या आहेत, कारण वेळ आणि पैसा त्यातच सर्वाधिक गेला.

१३ ऑक्टोबर

मर्दानी दसऱ्यासाठी ध्वनिमुद्रक घेऊन जेजुरीला जाऊन आलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गडावर सुमारे ४२ किलोंचा खंडा, म्हणजे देवाची जड तलवार, उचलण्याची स्पर्धा होते. ती पाहताना लक्षात आले की ओझ्याचा खरेपणा पात्यात नसून पेलणाऱ्याच्या मनगटात, मानेत आणि टाचांत दिसतो. आमचा खंडा लाकडी असणार आहे. त्याच्या मुठीत शिसे भरून घेण्याचे त्याच दिवशी ठरवले.

मुद्रणाचा उपयोग मर्यादित आहे. गर्दीतला ‘येळकोट’ इतका दाट आहे की त्यातून एकेक आवाज वेगळा काढता येत नाही. तो पार्श्वभूमीला चालेल, दृश्याच्या मध्यभागी चालणार नाही.

२० ऑक्टोबर

रंगाच्या पहिल्या चाचण्या सपशेल फसल्या. पूजासाहित्याच्या दुकानातून आणलेला भंडारा पांढऱ्या सुती कापडावर चोळला, त्यावर चुन्याची निवळी (चुना खाली बसल्यावर वर राहणारे स्वच्छ पाणी) फवारली, आणि कापड पिवळेच्या पिवळेच राहिले. प्रथम निवळी कमी पडली असे वाटून तिचे प्रमाण वाढवले, तरी फरक पडला नाही. मग घरातल्या डब्यातली हळद घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा निवळी पडल्या पडल्या डाग लालबुंद झाला. दोष निवळीचा नव्हता, पुडीतल्या मालाचा होता. स्वस्तात मिळणारा पुष्कळसा भंडारा म्हणजे पिवळा रंग दिलेले पीठ असते, आणि त्या रंगावर चुन्याचा काही परिणाम होत नाही.

हे काम करू इच्छिणाऱ्यांनी पोते विकत घेण्यापूर्वी चिमूटभर पूड बशीत घेऊन तिच्यावर निवळीचे दोन थेंब टाकून पाहावेत. लाल झाली तर हळद, नाही झाली तर परत करावी. आम्ही शेवटी सांगलीच्या बाजारातून राजापुरी हळदीची पूड किलोमागे २२५ रुपयांनी आणली. उधळण्यासाठी मात्र एवढी महाग पूड लागत नाही. जिथे रंग बदलायचा नाही तिथे बेसनात थोडी हळद मिसळली तरी पडद्यावर फरक कळत नाही. रंगीत पीठ नटांच्या नाकातोंडात जाऊ द्यायचे नाही, म्हणून ते पूर्णपणे बाद केले.

२७ ऑक्टोबर

लाल रंग कशाने आणायचा, याचा निकाल लागायला सबंध आठवडा गेला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने हळद जेमतेम नारिंगी होते, लाल होत नाही, कारण तो फार सौम्य आहे. धुण्याच्या सोड्याने विटकरी लाल येतो. चुन्याच्या निवळीने सर्वांत गडद, जवळजवळ सुकत आलेल्या रक्तासारखा लाल येतो. पण निवळी आणि धुण्याचा सोडा दोन्ही त्वचेला आणि विशेषतः डोळ्यांना घातक आहेत. म्हणून उघड्या अंगावर यांपैकी काहीही वापरायचे नाही, कापडाखाली प्लास्टिकचा थर द्यायचा, फवारणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घालायचा आणि चेहऱ्याच्या आसपास फवारा न्यायचाच नाही, हे नियम लिहून भिंतीवर लावले आहेत.

दुसरी अडचण वेगाची आहे. हळदीतला रंग पाण्यात फारसा विरघळत नाही. कोरड्या पुडीवर पाणी पडले की वरचा थर लाल होतो, आतली पूड पिवळीच राहते आणि कापडावर चट्टे उठतात. त्याऐवजी हळद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून, त्या अर्कात धोतर बुडवले आणि सावलीत पूर्ण वाळवले. आता सोड्याचा फवारा बसताच लाल रंग कापडावर शाई पसरावी तसा सरकत जातो. दिसायला हे इतके परिणामकारक आहे की पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण एक पाऊल मागे सरकला. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने बुडवण्याचे काम उघड्या अंगणात केले, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय ते कापड दिवटीच्या (जागरणातल्या मशालीच्या) जवळपासही न्यायचे नाही असे ठरले. उन्हात वाळवलेले एक धोतर फिकट पडून वाया गेले; हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

तिसरी अडचण अद्याप सुटलेली नाही. क्षारामुळे आलेला लाल रंग स्थिर राहत नाही. थोड्या वेळात तो तपकिरी पडू लागतो, आणि दोन दृश्यखंडांच्या मध्ये प्रकाशयोजना बदलायला वेळ लागला तर आधीचा लाल आणि नंतरचा लाल जुळत नाहीत.

३ नोव्हेंबर

जागरण-गोंधळ पार्टीतल्या ज्येष्ठ वाघ्यांना, म्हणजे खंडोबाच्या गाणाऱ्या उपासकांना, पटकथा वाचून दाखवली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. खुनाला त्यांनी हरकत घेतली नाही. मणि-मल्लाची कथा गाणाऱ्याला तिचे नवल वाटण्याचे कारणही नव्हते. हरकती निराळ्या ठिकाणी निघाल्या. कोटंबा (वाघ्याचे भिक्षापात्र) जमिनीवर टेकवायचा नाही. तळी उचलताना ताम्हनातला नारळ घरंगळू द्यायचा नाही. भंडारा चपलेने तुडवण्याच्या दृश्यावर ते म्हणाले, “उधळलेला भंडारा पायाखाली येतोच, गडाच्या पायऱ्यांवर दुसरं काय असतं? पण चपलेनं मुद्दाम घासलेला दाखवू नका, बाळा. ते बघवणार नाही.”

मी ते दृश्य तरीही पटकथेत ठेवले आहे, कारण मल्लाचा उर्मटपणा त्याच एका कृतीत दिसतो. अण्णांना तसे सांगितले. ते गप्प राहिले, पण पार्टीसह यायला तयार झाले.

वाघ्याच्या गळ्यातली भंडाऱ्याची पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असे. आम्ही घोंगडीची शिवून घेतली. पांढरा घोडाही खरा आणणार नाही. २००१ च्या नियमांप्रमाणे चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, आणि आमच्या खर्चात व वेळेत ते बसणारे नव्हते. मणी त्याच्या देवघरातला नवसाचा लाकडी घोडा रखमापुढे सरकवतो, असा बदल केला. खऱ्या घोड्यापेक्षा हा बदल मला अधिक बरा वाटतो, कारण मरणाच्या दारातल्या माणसाजवळ द्यायला एवढेच उरले आहे हे त्यात दिसते.

१० नोव्हेंबर

तारखा पक्क्या करणे हा रंगाइतकाच अवघड भाग निघाला. चित्रीकरण पुरंदर तालुक्यातल्या एका पडक्या वाड्यात आणि शेजारच्या दगडखाणीत रात्रीचे आहे. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला आणि मतमोजणी २३ ला असल्यामुळे आचारसंहितेच्या काळात रात्री जमाव, मशाली आणि तलवारी घेऊन चित्रीकरण करायची परवानगी मिळण्याची शक्यताच नव्हती, मग तलवार लाकडी का असेना. उलट २ डिसेंबरला मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून खंडोबाचे षड्रात्र, म्हणजे सहा रात्रींचा उत्सव, सुरू होते, आणि तेव्हापासून चंपाषष्ठीपर्यंत पार्टीला एकही रात्र मोकळी नसते. मध्ये उरल्या २९ आणि ३० नोव्हेंबरच्या रात्री. अमावास्या तोंडावर असल्याने चांदण्याचा अडथळा नाही, हा त्यातला फायदा.

लंगराची तयारी झाली. जागरणात तोडतात तसली लोखंडी साखळी हेच रखमाचे शस्त्र आहे. पूर्ण प्लास्टिकची साखळी रंगवून पाहिली, तेव्हा अभिनेत्रीचा हात इतका हलका फिरू लागला की सगळे दृश्य खोटे दिसले. आता तिच्या मुठीकडची हातभर साखळी खरी लोखंडी आहे आणि पुढचा, माणसाच्या दिशेने जाणारा भाग प्लास्टिकचा आहे. दोहोंचा जोड काळ्या दोऱ्याने बांधून वर शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची पूड चोळली. खांद्यावरचा ताण खरा दिसतो आणि कोणाला इजा होत नाही.

१७ नोव्हेंबर

वाड्यात प्रकाशाची चाचणी घेतली. दिवटीच्या उजेडात पिवळा भंडारा पांढरा दिसतो. पिवळट प्रकाशात पिवळ्या आणि पांढऱ्या वस्तूंतला भेद डोळ्यालाही कळत नाही, कॅमेऱ्याला तर नाहीच. त्यामुळे हळदीने माखलेला माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता. उपाय म्हणून एका बाजूने ५६०० केल्व्हिनचा थंड प्रकाश सोडला आणि दिवटीला फक्त कडेच्या उजेडाचे काम दिले.

त्यानंतर लाल रंग बिघडला. आमच्याकडच्या स्वस्त एलईडी पॅनेलखाली तो चिखलासारखा दिसला. खोक्यावर रंगदर्शकांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा अंक, सीआरआय) ९५ छापलेला होता, परंतु तो अंक ठरवताना गडद लाल रंग मोजलाच जात नाही. त्यासाठी आर-९ हे मूल्य स्वतंत्र पाहावे लागते, आणि ते खोक्यावर नव्हते. दुसरा चांगला दिवा रात्रीला १८०० रुपयांनी भाड्याने घेतला. दोन्ही दिवे लाल फडक्यावर आलटून पालटून टाकले की फरक समजायला मोजमापाच्या यंत्राची गरज राहत नाही.

उधळलेला भंडारा कॅमेऱ्याच्या मुद्रणालाही झेपत नव्हता. हवेतला प्रत्येक कण वेगळा हलतो, त्यामुळे आठ बिटांच्या दाबलेल्या चित्रात धुळीच्या जागी चौकोनी ठिगळे उमटली. बाहेरचा रेकॉर्डर जोडून प्रोरेस या कमी दाबलेल्या चित्रस्वरूपात मुद्रण केल्यावर ती गेली. फायली प्रचंड मोठ्या होतात, हे गृहीत धरावे.

२४ नोव्हेंबर

क्षमेच्या दृश्याची चाचणी. यात उलटा बदल हवा आहे : मणीच्या छातीवरचा लाल रंग पुन्हा पिवळा झाला पाहिजे. हळदीला आंबट लागले की ती पूर्वरंगावर येते, म्हणून रखमा तळीतले लिंबू त्याच्या छातीवर पिळते आणि कापडामागच्या नळीतून लिंबूसत्त्वाचे पाणी झिरपते, अशी योजना होती. पहिल्याच प्रयत्नात छातीवर फसफसून फेस आला. कापड धुण्याच्या सोड्याने लाल केले होते, आणि सोड्याला आम्ल लागले की वायू सुटणारच. क्षमेच्या ऐन क्षणी माणसाच्या छातीवर सोडावॉटर उकळत असल्यासारखे दिसले. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो, पण दृश्य हातचे गेले होते.

निवळीने लाल केलेल्या कापडावर फेस येत नाही. त्यामुळे आता विभागणी अशी आहे : मल्लाचे धोतर सोड्याने, मणीची बाराबंदी निवळीने. निवळी ताजीच करावी लागते, कारण उघडी राहिली की हवेमुळे तिच्यावर पांढरी साय धरते आणि तिचा जोर जातो. चुना पाण्यात ढवळून, रात्रभर बसू देऊन, वरचे स्वच्छ पाणी काठोकाठ भरलेल्या बाटलीत बूच लावून ठेवले. छातीचे जवळचे दृश्य माणसावर न घेता गादीच्या कापसाने भरलेल्या धडावर घेणार आहोत.

रंग टिकवण्याच्या अडचणीवर मार्ग रासायनिक नसून वेळापत्रकाचा निघाला. प्रत्येक बदल स्वतंत्र, आधी वाळवून ठेवलेल्या कापडावर एकदाच घ्यायचा. लाल झालेले कापड पुढच्या कोनासाठी वापरायचे नाही. त्यासाठी एकाच मापाची धोतरे आणि बाराबंद्या जादा शिवून घेतल्या. कपड्यांचा खर्च जवळजवळ तिप्पट झाला.

१ डिसेंबर

दोन्ही रात्री पार पडल्या. थंडी कडाक्याची होती. दवाने दिमड्या (वाघ्यांची लहान चामडी वाद्ये) उतरत होत्या, त्यामुळे प्रत्येक गाण्याआधी त्या शेकोटीवर शेकाव्या लागत आणि तेवढा वेळ सगळे थांबत. वेळापत्रक आखताना हा वेळ धरलेला नव्हता. त्यापायी खाणीतला पाठलाग अर्ध्यावर आणावा लागला.

उधळणाच्या दृश्यात दिवटी ठेवली नाही. हवेत पसरलेली बारीक कोरडी पूड ज्योतीजवळ भडकू शकते, मग ती हळदीची असो वा पिठाची. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बांधून आधी दिवट्यांसह रिकामी चौकट घेतली, दिवट्या विझवून बाहेर नेल्यावर त्याच चौकटीत भंडारा उधळला, आणि संकलनात दोन्ही एकत्र केले जातील. कॅमेऱ्याला मधे कोणाचाही धक्का लागू नये म्हणून भोवती दोरी बांधून एक मुलगा राखणीला बसवला होता. धुळीसाठी सर्वांना एन-९५ मास्क दिले. भिंगे फक्त बंद गाडीत बसून बदलली. हळद तेलकट असते, तेव्हा भिंगावर बसलेली पूड फडक्याने पुसू नये, ती आधी फुंकणीने उडवावी.

मल्लाचा मृत्यू तिसऱ्या धोतरावर साधला. लंगर वर जातो, चौकटीच्या बाहेर पडतो, दिमडीची एक थाप बसते आणि कमरेपासून लाल रंग खाली उतरू लागतो. आघात दिसत नाही, जखम दिसत नाही. तरीही एवढे हिंस्र दृश्य मी स्वतः आजवर घेतलेले नाही.

१५ डिसेंबर

संकलनात आघातांचे आवाज बसवताना कोबी चिरण्याचे, कलिंगड फोडण्याचे नेहमीचे आवाज लावून पाहिले आणि काढून टाकले. चित्रात रक्त नसताना कानात मांस ऐकू आले की प्रेक्षक फसवला गेल्यासारखा होतो. आता प्रत्येक आघात म्हणजे दिमडीची थाप आणि त्यामागे खऱ्या लंगराचा आवाज, एवढेच आहे. लंगर एका रिकाम्या गोदामात वेगळा मुद्रित केला, कारण खाणीतल्या मुद्रणात प्रतिध्वनीने थाप आणि साखळी एकमेकांत मिसळली होती.

५ जानेवारी २०२५

रंगसंस्करण. हळदीचा पिवळा आणि आपल्याकडच्या त्वचेचा रंग संगणकाला जवळजवळ एकच वाटतो. पिवळा वाढवला की चेहरे काविळीसारखे होतात. प्रत्येक दृश्यखंडात चेहऱ्यांना स्वतंत्र मुखवटा काढून त्यांना त्या बदलातून वगळावे लागले. कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूक यांच्या २००५ च्या सूडपटाची एक आवृत्ती हळूहळू रंग गमावत कृष्णधवल होत जाते. त्या धर्तीवर शेवटाकडे रंग उतरवून पाहिला, पण इथे तो उपाय लागू पडत नाही, कारण रंग गेला की मणीच्या छातीवर काय बदलले हेच कळत नाही. सगळे पूर्ववत केले.

१९ जानेवारी

अण्णांना आणि पार्टीला जवळजवळ पूर्ण झालेली प्रत दाखवली. चपलेचे दृश्य आले तेव्हा त्यांनी मान वळवली. नंतर त्यांनी त्याविषयी काही म्हटले नाही. दिमडी एका ठिकाणी तालाच्या मागे पडते एवढेच सांगितले, आणि ते खरे होते.

ते दृश्य काढून जोडणी पुन्हा पाहिली. मल्ल पायात चपला घालून तळीजवळ उभा आहे, एवढ्यानेच त्याचा उर्मटपणा कळतो. भंडारा घासण्याची गरज पडत नाही. चार सेकंद कापली, दिमडी दोन चौकटी आधी आणली. सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्राचा अर्ज करताना यूए १६+ मागायचे ठरले आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत, आणि रक्त नसले तरी हा लघुपट लहान मुलांचा नाही. उरलेली हळद कोरड्या डब्यात भरून ठेवली आहे. निवळीच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत ‘चुना, पिऊ नये’ असे लिहून त्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा फळीवर ठेवल्या.